वास येत नव्हता ते मी लपवलं

डोकं आपटलं तेव्हा गंजात, मोठ्या पातेल्यात, अर्धा चीक उरला होता.

कुरोड्यांचा चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो. थंड झाला की त्याच्या गाठी होतात आणि मग चार दिवसांची मेहनत गाईपुढं टाकावी लागते. म्हणून मी उठले, ओला पंचा डोक्याला गुंडाळला आणि उरलेला चीक घालून टाकला. हे मला नंतर सांगितलं, ज्या बाईच्या गच्चीवर मी पडले तिनं. मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. प्लास्टिकच्या कागदावर सांडलेल्या चिकावरून पाय सरकला आणि मागचं डोकं कठड्यावर आदळलं, इतकं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम दुपारचं, मोरीत बसून ओकत होते ते. मधल्या वेळात अर्धा कागद भरून कुरोड्या मी घातल्या, पण त्या कोणी दुसरीनं घातल्यासारख्या आहेत. ती बाई म्हणाली, तुम्ही मला चार वेळा विचारलं, मीठ टाकलं का. तिनंही चार वेळा सांगितलं, टाकलं.

अकोल्यात उन्हाळ्याचं माझं काम हेच. होळी झाली की घराघरांतून बोलावणी येतात. बायका नोकरीवर जातात, त्यांना घरच्या कुरोड्या पाहिजे असतात आणि करता येत नसतात. मी जाऊन गहू भिजू घालते, रोज जाऊन पाणी बदलते. तीन दिवस गहू भिजले की चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवत घाटायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर घालून मोकळं व्हायचं. नवरा गेल्यापासून मी दोन खोल्यांत एकटी राहते आणि याच कामावर राहते. बाकी वर्षभर पापड, शेवया, लोणची चालतात, पण लोक मला ओळखतात ते कुरोड्यांसाठी. भिजलेले गहू पाण्यातून कधी उतरवायचे हे मला सांगता येतं. ते नाकानं कळतं. एक दिवस कमी झाला तर चीक निघत नाही, एक दिवस जास्त झाला तर कुरोड्या लाल पडतात आणि तळल्यावर फुलत नाहीत.

संध्याकाळी अमरावतीहून लेक आणि जावई गाडी घेऊन आले. अकोल्यातच डोक्याचा फोटो काढला. आत रक्त नव्हतं. डॉक्टर लहान वयाचे होते. म्हणाले, "आजी, मेंदूले हिसका बसला आहे. हाड मोडलं तं प्लास्टर करता येते, याले फक्त आराम. तीन आठवडे. वाकाचं नाई, जिने चढाचे नाई, टीव्ही नाई, मोबाइल नाई, उन्हात जाचं नाई."

मी म्हटलं, "मंग श्वास घेऊ का?"

ते हसले. लेक हसली नाही. ती दोन वर्षांपासून म्हणत होती की अकोल्याच्या खोल्या बंद कर आणि माझ्याकडं ये. आता तिच्या हातात कारण आलं होतं. गाडीत बसल्यावर तिनं माझ्या घराची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी डोळे मिटून होते, कारण समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोक्यात घुसत होते. डोळे मिटूनच मी म्हटलं, "तीन आठवड्यांनी किल्ली परत दे."

"पाहू," लेक म्हणाली.

तिचं पाहू मला माहीत आहे. लहानपणी तिला अभ्यास कर म्हटलं की हेच म्हणायची.

लेक नांदगाव खंडेश्वरला शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाणं-येणं करते. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणजे ती अंधारातच निघते आणि दीडपर्यंत परतते. जावई कामानिमित्त आठवडाभर बाहेर असतात. घरात दिवसभर आम्ही दोघीच, मी आणि लेकीची सासू. त्यांचं माहेर अचलपूरचं. गुडघे गेलेले, हातात काठी. आम्ही एकमेकींना ईनबाई म्हणतो. वीस वर्षांत लग्नाकार्याला भेटलो तेवढंच, एका छपराखाली सलग आठ दिवस कधी राहिलो नव्हतो. राहायला नको होतं, असं दोघींनाही दुसऱ्या दिवशी वाटलं.

मला आतली खोली दिली होती. पडदे लावलेले. पंख्याचा आवाज डोक्यात करवत चालल्यासारखा व्हायचा, पंखा बंद केला की घामानं भिजायचे. कुकरची शिट्टी झाली की दात आवळायचे. उठावं तर भिंत सरकायची. झोपावं तर झोप नाही. पाय एका जागी राहत नव्हते. चादरीच्या काठाचा एक दोरा निघाला होता, तो ओढत ओढत मी दोन दिवसांत काठ उसवून टाकला. दोन वेळा रडू आलं, कारण काहीच नव्हतं. तोंड धुतलं आणि पुन्हा पडले. शब्द सापडत नव्हते. चाळणी मागायची होती तर चाळणी आठवेना. मी म्हटलं, "ते द्या, भोकाचं."

विहीणबाई म्हणाल्या, "कोणतं भोकाचं? या घरात तं माह्या नशिबालेच भोकं आहेत. तुमच्या डोक्स्यापायी माही टीव्हीवरची शिरेल बंद आहे चार दिवसांपासून. तिकडं सुनेनं सासूले घराबाहेर काढलं का नाई, मले मालूम नाई."

"तिनं काढलं असन," मी म्हटलं. "काढाच लागते."

त्या काठी आपटत बाहेर गेल्या.

अकोल्याहून फोन यायचे. फोन लेकीजवळ असायचा, तीच सांगायची, आई आजारी आहे, यंदा जमणार नाही. मला आतून ऐकू यायचं. कोणत्या घरचा फोन आहे ते मी बोलण्यावरून ओळखायचे. दर फोनला एक घर जात होतं. कुरोड्या उन्हाळ्यातच होतात. एकदा दुसऱ्या बाईला बोलावलं आणि तिच्या कुरोड्या चांगल्या निघाल्या, तर पुढच्या वर्षी मला कोण कशाला बोलावेल? मी लेकीला म्हटलं, यंदा जमणार नाही म्हणू नको, उशिरा जमेल म्हण. ती म्हणाली, "आई, तू झोप."

सातव्या की आठव्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले होते. पडून पडून अंग दुखत होतं. विहीणबाई गॅसवर दूध ठेवून समोरच्या घरी गेल्या होत्या, त्यांची मालिका पाहायला. त्या परत आल्या आणि दारातूनच ओरडल्या. दूध करपून पातेलं काळं झालं होतं, खोलीत धूर होता. मी पातेल्यापासून चार हातांवर बसले होते.

"ईनबाई, तुमाले वास नाई आला?"

"डोक्सं दुखत होतं. ध्यान नव्हतं."

"धूर बी दिसला नाई?"

"डोळे मिटून होती."

डोळे मिटून होते हे खरं होतं. पण वास? त्या पातेलं घासायला लागल्या तेव्हा मी उठून हिंगाची डबी काढली आणि नाकाला लावली. नुसतं पत्र्याचं गार लागलं. हिंग आत होता, दिसत होता. मग कांदा फोडला. डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही नाही. देवाजवळची उदबत्ती, साबण, माझी घामाची चोळी, एकेक करून सगळं हुंगलं. रिकामं. पडल्या दिवसापासूनच असणार. डोकं इतकं ठणकत होतं की मला कळलं नव्हतं.

मी खोलीत जाऊन पडले.  डोकं दुखणं, चक्कर येणं, हे सगळं जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. या बाबतीत ते काहीच बोलले नव्हते. आणि लेकीला हे कळलं तर किल्ली कधीच परत मिळणार नव्हती. मी ठरवलं, सांगायचं नाही.

ते चार दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मला भूक लागली. ओट्यावर झाकलेलं वरण होतं. मी भाकर कुस्करून वरणात कालवली आणि खाल्ली. विहीणबाई समोर बसून तांदूळ निवडत होत्या.  माझं ताट रिकामं होईपर्यंत पाहत राहिल्या.

"कसं होतं वरण?"

"चांगलं होतं. लिंबू जरा जास्त पिळलं वाटते."

"लिंबू नाई पिळलं. रातचं होतं, आंबलं. गाईसाठी काढून ठेवलं होतं म्या."

मी हात धुतला.

"कवापासून वास नाई येत?" त्यांनी विचारलं.

"पडली तवापासून."

"सुनेले सांगतलं?"

"नाई. तुमी बी सांगू नका."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.  मग म्हणाल्या, "नाई सांगत. पण मले घरच्या कुरोड्या पाहिजेत. तुमची लेक दुकानातून आणते, तेलात टाकल्या की कागदावानी लागतात. माह्या मायच्या हातच्या खाल्ल्या त्याले किती वर्सं झाले."

डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं होतं. पण मला त्या क्षणी दुसरंच दिसत होतं. नाकाशिवाय गहू उतरवता येतात का, हे मलाच पाहायचं होतं. अकोल्यात लोकांच्या गव्हावर पाहण्यापेक्षा इथं पाहिलेलं बरं. मी हो म्हटलं.

गहू घरात होते. पुढच्या पहाटे लेक एसटीत बसली असेल इतका वेळ जाऊ दिला आणि मी मागच्या बाल्कनीत डबा भरून गहू भिजू घातले. वर गोणपाट टाकलं आणि त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. लेक बाल्कनीत कधी येत नाही, कपडे विहीणबाईच वाळत घालतात. पहिल्या दिवशी पाणी बदलायला वाकले आणि डोळ्यांपुढं अंधार आला, तशीच खाली बसले. विहीणबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि डबा स्वतः ओतला. बडबडत ओतला. "आराम तुमाले सांगतला आन काम माह्या आंगावर. चांगली हाये तुमची बिमारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाणी ओतत होत्या तेव्हा म्हणाल्या, "याले वास येऊन राहिला."

"येतेच. गव्हाले येते."

"नाई, लय येऊन राहिला. आपल्या इथं ऊन पाहा ना कसं आहे."

मी दोन दाणे घेतले, अंगठ्यानं दाबले. पांढरं दूध निघालं. मी म्हटलं, "उद्या झाले. आज कच्चे आहेत."

"म्या म्हटलं तं..."

"ईनबाई, मी तीस वर्सं हेच काम करून राहिली. तुमाले शिरेल समजते, मले गहू समजते."

असं मी बोलले. दाबल्यावर दूध तर झालेल्या गव्हातूनही येतं आणि बिघडलेल्या गव्हातूनही येतं. फरक नाकालाच कळतो, आणि नाक माझ्याजवळ नव्हतं. त्यांच्याजवळ होतं. मला ते त्यांच्याकडून घ्यायचं नव्हतं, एवढंच. बाल्कनी पश्चिमेची, दुपारभर तापायची, डबा स्टीलचा. गहू दोन दिवसांत झाले होते. मी त्यांना तीन दिवस पूर्ण ठेवलं, कारण अकोल्याला माझ्या सावलीच्या खोलीत तीन दिवस लागतात.

मिक्सर विहीणबाईंनी फिरवला, तेव्हा मी कानात बोळे घालून आत बसले होते. रात्री चीक बाल्कनीतच निवळायला ठेवला. सकाळी लेक गेली आणि मी चीक घाटायला घेतला. तोवर विहीणबाईंनी पदर नाकाला लावला होता. चीक घट्ट होईना. दांडा फिरवते आहे, फिरवते आहे, आणि तो सुटा सुटा, पाणी वेगळं होत चाललेलं. सोऱ्यात भरला तर तार निघेना, तुकडे पडायला लागले. रंगही नेहमीसारखा पांढरा नव्हता. डोकं ठणकायला लागलं. मी तरी दाबत राहिले.

वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडली, "मावशी, तुमच्याकडं कुठं उंदीर मेला का वं?"

विहीणबाई म्हणाल्या, "उंदीर नाई, गहू."

आणि नेमकी त्याच दिवशी लेकीची शाळा लवकर सुटली. तिनं दार उघडलं, दारातच थांबली. तिनं नाक दाबलं. ओट्यावर बिघडलेला चीक, गॅसवर गंज, मी घामाघूम, हातात सोऱ्या.

"हे काय चाललं आहे?"

"कुरोड्या," मी म्हटलं.

"या वासात तू उभी कशी राहिली?"

मी विहीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी दिलेला शब्द पाळला असता तर मला आवडलं असतं, पण त्या म्हणाल्या, "त्याईले वासच येत नाई. पडल्या तवापासून. म्या नाई सांगणार होती, पण आता कायले लपवाचं?"

लेक खुर्चीवर बसली. पर्स खांद्यालाच होती. 

"तुले वास येत नाई आन तू मले सांगतलं नाई."

"सांगतलं असतं तं तू किल्ली दिली असती?"

"किल्ली?" ती म्हणाली. "आई, तिथं गॅस आहे. तू एकटी. रात्री नळी निसटली तं तुले कसं समजन? सकाळी शेजारचे दार तोडून आत जातीन. मी शाळेत फोन घेईन. हे दिसते का तुले?"

मला ते दिसलं नव्हतं. खरं सांगते, मी आठवडाभर गव्हाचा विचार केला, गॅसचा एकदाही केला नाही.  मी तो चीक बादलीत ओतला आणि गंज घासायला घेतला. लेकीनं गंज हातातून काढून घेतला.

पुढचे दिवस वाईट गेले. कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. केलेल्या उपद्व्यापानं डोकं पुन्हा पहिल्यासारखं दुखायला लागलं होतं, दोन दिवस मी भिंत धरल्याशिवाय चालू शकले नाही. तीन आठवडे झाल्यावर लेक मला अमरावतीच्या एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली. मी काही बोलायच्या आत तिनं सगळं सांगितलं, दुधापासून गव्हापर्यंत. डॉक्टरबाईंनी डोळे बंद करून एका पायावर उभं केलं, एका रेघेवरून चालवलं. नाकाला दोन-तीन बाटल्या लावल्या. मग म्हणाल्या की डोकं सुधारतं आहे, पण अजून तीन आठवडे जड काम नको. मागून मार बसला की नाकातून मेंदूकडं जाणारे बारीक तंतू तुटू शकतात. काहींना वास परत येतो, काहींना येत नाही, काहींना येतो पण चुकीचा येतो.

"मले किती दिवसांत समजन?" मी विचारलं.

"वर्षभर वाट पाहा."

"वर्षभर मी कशी वाट पाहू? मले काम आहे."

"आजी, काम मी बंद करा म्हणत नाही. तीन आठवड्यांनी सुरू करा. पण घरात गॅस असेल तर एकटं राहू नका."

रिक्षात बसल्यावर मी लेकीला म्हटलं, "गॅस नसला तं?"

ती रस्त्याकडं पाहत होती.

"सिलेंडर मी परत करते. घरात विजेची शेगडी ठेवते. कुरोड्या तं मी लोकांच्या घरी करते, तिथं मी एकटी नसतेच. माह्या अंगणात चूल आहे, मोठं काम असलं तं चुलीवर. चूल विझली का पेटली, ते डोळ्याले दिसते."

"आन खराब झालेलं खाल्लं तं?"

"शिळं खाणार नाई. उरलं तं सकाळी गाईले."

"आन काम? वास येत नाई तं काम कसं करशीन? त्या दिवशी पाह्यलं ना."

 मी म्हटलं, "ते मले अजून एकदा पाहू दे. तुह्यासमोर."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. पुढचे तीन आठवडे पूर्ण होऊ दिले. त्या दिवसांत मी ऐकलं, म्हणजे खरंच पडून राहिले. विहीणबाईंची मालिका हळू आवाजात सुरू झाली. मी टीव्हीकडं पाठ करून बसायचे आणि त्या मला सांगायच्या कोण काय करून राहिलं. तिकडं सासूनंच सुनेला घराबाहेर काढलं होतं. माझा अंदाज चुकला होता, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

वैशाख लागला होता तेव्हा मी पुन्हा गहू भिजू घातले. या वेळी डबा बाल्कनीत नाही, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, सावलीला. आणि विहीणबाईंना मी पाट मांडून बसवलं.

"हुंगा आन सांगा."

"काय सांगू? गव्हासारखा येते."

"गव्हासारखा म्हणजे कसा? कोरड्या का ओल्या?"

"ईनबाई, नाक माहं आहे, भाषण तुमचं."

पहिल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, ओल्या पोत्यासारखा. संध्याकाळी पुन्हा हुंगायला लावलं. ओलं पोतंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाक डब्यात घातलं, मान वर केली, पुन्हा घातली. "आता दह्यावानी. गोड दही. आंबट नाई झालं." मी बोट बुडवून पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला. आंबट जिभेला कळत होतं, वरण खाल्लं त्या दिवशीच ते समजलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. जिभेच्या कडेला जरासं टोचलं. मी दाणे दाबले. दूध आलं, पण दाण्याच्या मध्ये अजून कडक कणी होती.

दुपारी लेक आली. तिलाही हुंगायला लावलं. ती शिकलेली, तिनं दोन वाक्यांत सांगितलं: सकाळपेक्षा आंबट आहे, पण खराब नाही, इडलीच्या पिठासारखं आहे. विहीणबाई म्हणाल्या, "म्या दही म्हटलं, तेच ते." त्यावरून दोघींचं जमलं नाही. मी पुन्हा एक दाणा दाबला. कणी गेली होती. जीभ सांगत होती तेवढंच त्या दोघी सांगत होत्या.

"काढा पाणी," मी म्हटलं. "आताच वाटाचे."

तीन दिवस नाही, अडीच दिवस.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चीक काचेसारखा झाला, दांड्याला धरून वर आला. मी घातल्या त्या कुरोड्या एकसारख्या होत्या, मोडल्या नाहीत. गच्चीचा जिना चढताना लेकीनं हात धरला होता, तो मी धरू दिला. वाळल्यावर विहीणबाईंनी स्वतः तळल्या. फुलल्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, म्हणाल्या, "हिंग कमी आहे." मला हिंगाचं काहीच कळत नव्हतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

लेकीनं किल्ली दिली. देताना म्हणाली, "शेगडी आणल्याशिवाय घरात झोपाचं नाई. आन प्रत्येक घरी पहिले सांगाचं, मले वास येत नाई म्हणून. लपवाचं नाई."

ही दुसरी अट मला गॅसपेक्षा जड गेली. तीस वर्षं लोक मला याच्यासाठीच बोलावत आले. आता मीच फोन करून सांगायचं की ते माझ्याजवळ नाही. मी अमरावतीहूनच सगळ्यांना फोन केले. जुन्या बारा घरांपैकी सात घरांनी दुसरी बाई लावली होती. राहिलेल्या पाचांपैकी दोघी म्हणाल्या, मंग पुढच्या वर्षी पाहू मावशी, तुम्ही बऱ्या व्हा. एकीनं फोन पुढं कोणालातरी दिला आणि मग तो बंदच झाला. दोन घरं राहिली.

त्यातलं पहिलं घर अकोल्यातच, नव्या वस्तीतलं. बाई तरुण, सरकारी नोकरीत. मी गेले तेव्हा तिनं गहू भिजू घातलेला डबा माझ्यासमोर ठेवला आणि मी हुंगायची वाट पाहत उभी राहिली.

"मी नाई हुंगत," मी म्हटलं. "तुले फोनवर सांगतलं होतं. तू हुंग."

"मावशी, मले काय समजते त्यातलं?"

"नाक आहे ना? सर्दी तं नाई झाली?"

"नाई."

"मंग बस खाली. कशासारखा येते ते सांग. चांगला का वाईट ते नको सांगू, ते मी पाहीन."

ती बसली, साडी सावरून. तिनं डब्यावर तोंड नेलं आणि पटकन मागं घेतलं. मी म्हटलं, पुन्हा घे, घाई नको करू. तिनं पुन्हा घेतला. डोळे मिटले.

"मावशी," ती म्हणाली, "ताकासारखा. फ्रीजमधल्या कालच्या ताकासारखा."

मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. एक दाणा दाबला, मग दुसरा.

"उद्या सकाळी पुन्हा हुंगाचं," मी म्हटलं. "ऑफिसले जाच्या आधी. मी सातले येते."